सेकंड हँड डिझेल सेव्हन सीटर घेताना: आधी कागद, मग गार इंजिन, टोकन त्यानंतर

नात्यात किंवा सोसायटीत कोणी जुनी गाडी घ्यायला निघालं की मला फोन येतो. पण येतो नेमका उशिरा. "टोकन दिलंय, तू फक्त एकदा नजर टाक." टोकन दिल्यावर नजर टाकून काय करायचं? घरच्यांनी रंग पसंत केलेला असतो, मुलांनी मागच्या सीटवरच्या जागा वाटून घेतलेल्या असतात. अशा वेळी गाडीत खोट निघाली तरी माणूस तिच्याकडे काणाडोळाच करतो.

जुनी गाडी घेताना लोक तपासण्या करतच नाहीत असं नाही, ते त्या उलट क्रमाने करतात. आधी गाडी, मग पैसे, मग कागद, आणि मेकॅनिक पार शेवटी. पुढचे टप्पे या उलट क्रमाला सुलट करण्यासाठी आहेत. एक टप्पा पार झाल्याशिवाय पुढच्याला हात घालू नका. बऱ्याच गाड्या चौथ्या टप्प्यावरच, म्हणजे घरातून पाऊल बाहेर न टाकता बाद होतात.

## टप्पा १: डिझेल हवंच आहे का, याचा हिशोब

कागद घ्या. गेल्या बारा महिन्यांत तुमची गाडी खरोखर किती किलोमीटर फिरली ते लिहा. अंदाज नको, सर्व्हिसच्या बिलांवर आकडे असतात.

समजा पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये धरलं. पेट्रोल सेव्हन सीटर १४ चं एव्हरेज देते, डिझेल १८ चं. वर्षाला १५,००० किलोमीटर असतील तर पेट्रोलला साधारण १,११,४०० रुपये लागतील आणि डिझेलला ७५,८००. फरक साडेपस्तीस हजारांचा, डिझेल परवडलं. आता तेच गणित ६,००० किलोमीटरवर मांडा. फरक उरतो जेमतेम १४,२०० रुपये. एखादा इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) किंवा क्लच निघाला की दोन-तीन वर्षांची ही बचत एका दुपारी गॅरेजात जाते. वरचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या पंपावरचा भाव आणि तुमचे किलोमीटर घालून गणित पुन्हा करा.

दुसरा प्रश्न किलोमीटरपेक्षा महत्त्वाचा: ते किलोमीटर कसे पडतात? १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस ६ निकष आले, त्याआधी बीएस ४ होते. या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाची काजळी अडवणारी जाळी असते. साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्यासाठी तिला काही वेळ सलग, बऱ्या वेगाने पळावं लागतं. कोथरूडहून डेक्कन, डेक्कनहून परत, मधे शाळा आणि भाजी, असाच वापर असेल तर जाळी भरत जाते, दिवा लागतो आणि गाडी रडायला लागते. महिन्यातून दोनदा तरी सातारा, नाशिक, नगर असा रस्ता होत नसेल तर बीएस ६ डिझेल घेऊ नका. बहुतेक बीएस ४ गाड्यांना ही जाळी नाही, पण त्यांचा ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) छोट्या फेऱ्यांनी काजळी धरतोच.

तपासणी: वर्षाला १२,००० किलोमीटरच्या आत आणि सगळं शहरातच असेल तर इथेच थांबा, पेट्रोल किंवा सीएनजी बघा. हा आकडा माझ्या अनुभवाचा आहे, नियम नाही.

## टप्पा २: माणसं, सामान आणि पार्किंगचे खांब

परदेशात ज्याला इस्टेट किंवा स्टेशन वॅगन म्हणतात, ती लांब डिकीची गाडी आपल्याकडे रुजली नाही. इंडिगो मरिना आली आणि गेली. म्हणून पुण्यातलं कुटुंब सेव्हन सीटर घेतं आणि एरवी मागची रांग पाडून तिचीच इस्टेट करतं. हे मनात ठेवूनच गाडी निवडा. सातही सीटवर माणसं बसवली की बहुतेक गाड्यांत डिकीत दोन हातपिशव्यांपुरती जागा उरते. गणपतीला सात माणसं आणि त्यांच्या बॅगा घेऊन कोकणात जायचं असेल तर छतावर कॅरियर आला, किंवा मोठी गाडी आली.

घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारून ठेवा की पाय किती उंच उचलता येतो. हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि मग गाडीशेजारी प्लॅस्टिकचं स्टूल ठेवावं लागतं.

मग टेप घेऊन खाली पार्किंगमध्ये जा. इनोव्हा क्रिस्टाची लांबी ४,७३५ मिलिमीटर आहे, मराझोची ४,५८५ आणि २०१८ नंतरच्या अर्टिगाची ४,३९५. पुण्यातल्या सोसायट्यांचं स्टिल्ट पार्किंग छोट्या हॅचबॅकच्या मापाने आखलेलं असतं आणि खांब कुठे येईल याचा विचार बिल्डरने केलेला नसतो. फक्त लांबी मोजून भागत नाही. खांब आणि शेजारची गाडी यांच्यामध्ये दार उघडून आजी उतरू शकेल का, तेही मोजा.

## टप्पा ३: मॉडेल आणि साल पक्कं करा

दोन मॉडेल्स निवडा, फार तर तीन. सात-आठ मॉडेल्स मनात असली की माणूस जाहिरातीतल्या फोटोवरून निर्णय घेतो.

- अर्टिगा डिझेल: २०१२ पासून १.३ लिटरचं इंजिन, शेवटी थोडा काळ १.५ लिटरचं. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल बंद केलं, म्हणजे यातली एकही बीएस ६ नाही. १.३ चं इंजिन अनेक कंपन्यांच्या गाड्यांत होतं. ते कुठलाही मेकॅनिक डोळे मिटून खोलतो.
- इनोव्हा: २०१६ पर्यंतची २.५ लिटरची, त्यानंतर क्रिस्टा. भाव कमी होत नाही, कारण गाडीही लवकर मरत नाही. पण याच कारणाने टॅक्सीत तीन-चार लाख किलोमीटर पळालेल्या इनोव्हा 'घरगुती' म्हणून विकल्या जातात.
- लॉजी, मोबिलिओ, मराझो: स्वस्तात मिळतात. लॉजीचं इंजिन डस्टरशी मिळतंजुळतं, म्हणून इंजिनाचे भाग मिळतात. काच, बंपर, मागचा दिवा यासाठी मात्र थांबावं लागतं. नाना पेठेतल्या दोन स्पेअर पार्टवाल्यांना फोन करून मागचा दिवा आणि पुढची काच यांचा भाव विचारा. "मागवून देतो" असं उत्तर आलं तर तो धोका किमतीत धरा.

साल ठरवताना लक्षात ठेवा की खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. २०१२ ची गाडी २०२७ मध्ये पासिंगला येणार. त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण, त्यासोबत ग्रीन टॅक्स. पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरची गाडी स्वस्त दिसते ती याचमुळे.

इंजिनाला टायमिंग चेन आहे की बेल्ट, हेही आत्ताच विचारून घ्या. अर्टिगाच्या १.३ ला चेन आहे. जुन्या २.५ इनोव्हाला आणि लॉजीच्या १.५ ला बेल्ट आहे. बेल्ट ठरलेल्या किलोमीटरला बदलावाच लागतो. तो चालता चालता तुटला तर इंजिनाचं काम निघतं. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच समजा, मालक कितीही शपथा घेवो.

## टप्पा ४: गाडी बघण्याआधी कागद बघा

जाहिरातीतल्या माणसाला फोन केल्यावर आधी गाडीचा नंबर आणि आरसीचा फोटो मागा. "या तर खरं, सगळं दाखवतो" असं म्हणून तो टाळत असेल तर पुढचा फोन लावा.

एमपरिवहन ॲपवर किंवा वाहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून बघा:

१. मालकांचा अनुक्रम. विकणारा "फर्स्ट ओनर" म्हणतो आणि तिथे ३ दिसतो, हे नेहमीचं.

२. एचपी, म्हणजे बँकेचा बोजा. कर्ज फिटलं असलं तरी बोजा उतरवलेला नसतो. त्यासाठी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. हे काम विकणाऱ्याचं आहे आणि ते सौद्याआधी व्हायला हवं.

३. इंधनाचा प्रकार, रजिस्ट्रेशनची तारीख, विमा आणि पीयूसी यांची मुदत.

४. वाहनाचा वर्ग. मोटार कार की मोटार कॅब.

महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर चलानंही बघा. ती गाडीच्या नंबराला चिकटलेली असतात, आज ना उद्या तुमच्याकडेच येतात.

मग तीन कागद व्हॉट्सॲपवर मागवा: चालू विमा पॉलिसी, आधीच्या वर्षीची पॉलिसी आणि सर्व्हिस रेकॉर्ड.

पॉलिसीवर नो क्लेम बोनस शोधा. तो २० टक्क्यांपासून वाढत ५० पर्यंत जातो आणि ५० टक्के म्हणजे सलग ५ वर्षं क्लेम नाही. सहा वर्षांच्या गाडीवर शून्य दिसला तर क्लेम झालाय, विमा मधे खंडित होता किंवा गाडीने नुकताच मालक बदललाय. कशाचा क्लेम, ते विचारा. बंपरचा असेल तर सोडून द्या. इंजिनात पाणी गेल्याचा असेल तर गाडी सोडून द्या.

सर्व्हिस रेकॉर्ड कंपनीच्या अधिकृत सेंटरमध्ये गाडीच्या नंबरावर असतं, मालकाने मागितलं की मिळतं. त्यात प्रत्येक तारखेसमोरचा किलोमीटरचा आकडा ओळीने वाचा. २०१९ मध्ये ९८,००० आणि आज मीटरवर ८२,००० असेल तर मीटर फिरवलाय. रेकॉर्ड एका वर्षी अचानक थांबलं असेल तर त्यानंतरची बाहेरच्या गॅरेजची बिलं मागा.

कॅबपासून सावध. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या कंपन्यांच्या पिकअप-ड्रॉपला हजारो सेव्हन सीटर लागतात. काही वर्षांनी त्यातल्या काहींची पिवळी प्लेट जाऊन पांढरी येते आणि त्या 'आयटीवाल्याची गाडी' म्हणून बाजारात उभ्या राहतात. एका अर्थी खरंच आहे ते. मी स्वतः अशीच एक घेतली आहे. आरसी खासगी, मीटर ७४,०००, आतून चकाचक. पहिल्याच पावसात तिसऱ्या रांगेत बसलेल्या सासूबाईंच्या डोक्यावर थेंब पडायला लागले. छताचं अस्तर उतरवल्यावर कॅरियरच्या बोल्टची चार भोकं सापडली, सिलिकॉनने बुजवून वर रंग मारलेली. मग सर्व्हिस रेकॉर्ड काढलं. पहिल्या दोन वर्षांत वर्षाला साठ हजार किलोमीटर. हे रेकॉर्ड मी गाडी घेण्याआधी काढलं असतं तर एक चहा प्यायच्या वेळात कळलं असतं.

बाहेरच्या पासिंगचंही इथेच ठरवा. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, तेव्हापासून तिकडच्या गाड्या कमी भावात खाली येतात. अशी गाडी एमएच करायची तर तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८), इथे पुन्हा रजिस्ट्रेशन आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. खासगी डिझेल गाडीचा हा एकरकमी कर नव्या गाडीला किमतीनुसार १३ ते १५ टक्के आहे, जुनीला वयाप्रमाणे कमी होतो. सगळं धरून स्वस्ताई कितीशी उरते ते मोजा. माझं मत विचाराल तर एमएच १२ किंवा एमएच १४ सोडून लांब जाऊ नका, आणि गेलात तर ज्याला पावतीनिशी विचारता येईल अशाच मालकाकडे जा.

## टप्पा ५: सकाळी सात वाजता, गार इंजिनावर

डिझेल इंजिन खरं बोलतं ते फक्त गार असताना. म्हणून आदल्या रात्री सांगा: "सकाळी येतो, मी येईपर्यंत चालू करू नका." पोचल्यावर पहिलं काम, बोनेटवर तळहात ठेवा. कोमट लागला तर "आत्ताच बाजूला घेतली" हे उत्तर ऐकून घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा या. पुन्हा कोमट असेल तर तिसऱ्यांदा येऊ नका.

चालू करण्याआधी. ऑइलची डिपस्टिक काढा. काळं ऑइल बघून घाबरू नका, डिझेलचं ऑइल बदलल्यावर लगेच काळं होतं. ते दुधाळ, चहासारखं दिसत असेल तर त्यात कूलंट मिसळलंय. कूलंटच्या बाटलीत तेलाचा तवंग किंवा नुसतं गढूळ पाणी असेल तरी वाईटच. बाटलीचं झाकण इंजिन गार असतानाच उघडायचं, नंतर अजिबात नाही.

किल्ली फिरवा, स्टार्ट करू नका. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले पाहिजेत: इंजिन, एअरबॅग, एबीएस, बॅटरी, हीटर प्लग. लागून स्टार्टनंतर विझले तर ठीक. एअरबॅगचा दिवा मुळात लागलाच नाही तर अपघातात उघडलेली एअरबॅग परत न बसवता दिव्याचीच वायर तोडलेली असू शकते. लोक पेटलेला दिवा बघतात. न पेटणारा दिवा जास्त धोक्याचा.

स्टार्ट. हीटर प्लगचा दिवा विझू द्या आणि एका दमात सुरू होते का बघा. पुण्याच्या डिसेंबरातल्या सकाळीही चांगलं डिझेल दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त कुरकुरत नाही. कोणाला तरी मागे उभं करा:

- पहिल्या क्षणी पांढुरकी वाफ: चालेल. पांढरा, डिझेलचा उग्र वास येणारा धूर जात नसेल तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन.
- निळसर धूर: ऑइल जळतंय. टर्बोचं सील किंवा पिस्टनच्या रिंगा.
- रेस दिल्यावर दाट काळा: एअर फिल्टरपासून ईजीआर, इंजेक्टरपर्यंत काहीही. किरकोळही असू शकतं, महागही.

बीएस ६ गाडी असेल तर सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवा, इंजिन गार असतानाच. डीपीएफ शाबूत असेल तर नळी जवळजवळ स्वच्छ असते. बोट काजळीने माखलं तर जाळी फुटलेली आहे किंवा काढून टाकलेली आहे. एवढी स्वस्त आणि इतकी खात्रीची तपासणी दुसरी नाही, तरी करताना मी फार थोडे लोक पाहिलेत.

पाच मिनिटांनी चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण सैल करा. थोडा फुसफुसाट चालतो. किटलीसारखा धूर बाहेर फेकला जात असेल तर रिंगा गेल्यात, इंजिनाचं काम जवळ आलंय. मग न्यूट्रलवर क्लच दाबा आणि सोडा. सोडल्यावर खडखड आणि दाबल्यावर शांतता असेल तर बेअरिंग किंवा फ्लायव्हील. काही डिझेल गाड्यांत ड्युअल मास (दोन भागांचं) फ्लायव्हील असतं आणि क्लचसोबत तेही बदलायचं म्हटलं की बिल अंगावर येतं. गाडी बंद करतानाचा 'खडाक्' आवाजही तिकडेच बोट दाखवतो.

तपासणी: दुधाळ ऑइल, निळा धूर किंवा किटलीसारखा वाफारा यातलं एक जरी दिसलं तरी भाव करत बसू नका. "आठ दिवसांत कळवतो" म्हणा आणि निघा.

## टप्पा ६: पाणी आणि पत्रा

पत्र्यावर फार वेळ घालवू नका. पुण्यात आठ वर्षं फिरलेल्या गाडीचा एकही कोपरा रंगवलेला नसेल तर मलाच संशय येतो. रंग कुठे मारलाय यापेक्षा आत काय आहे ते बघा. दारांची रबरी बीडिंग ओढून पिलरवरचे वेल्डिंगचे ठिपके बघा, ते गोल आणि सारख्या अंतरावर हवेत. बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का? दोन्ही बाजूंचे अपरॉन (बोनेटखालचा, चाकांवरचा आतला पत्रा) सारखे दिसतात का? चॅसी नंबर आरसीशी अंकन्‌अंक ताडून बघा आणि कोरलेल्या जागी घासाघीस झालेली नाही याची खात्री करा.

पाण्याचं मात्र नीट बघा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरात पुण्यात शेकडो गाड्या पाण्यात गेल्या. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पार्किंगं बुडाली. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर आणि २०२१ चा चिपळूणचा पूर धरा, म्हणजे एमएच ०८, ०९, १० पासिंगच्या गाड्यांकडे जास्त बारकाईने बघावं लागेल. त्या भागातली प्रत्येक गाडी बुडालेली नसते, पण बुडालेली गाडी दूरच्या शहरातच विकली जाते.

बघायचं असं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या न दिसणाऱ्या भागावर मातीची रेघ असेल तर गाडी तेवढ्या पाण्यात उभी होती. सीटच्या रुळांचे स्क्रू गंजलेत का? स्पेअर व्हीलच्या खड्ड्यात गाळ? डॅशबोर्डखाली मोबाइलचा उजेड पाडून वायरींच्या सॉकेटमध्ये वाळलेली माती? आणि एवढ्या जुन्या गाडीचं कार्पेट अगदी कोरं का? परफ्यूमचा घमघमाट असेल तर काचा बंद करून एसी बंद ठेवा, दहा मिनिटांनी नाक सांगेल.

टायरवर चार अंकी तारीख असते: ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. पाच वर्षांवरचे टायर असतील तर पाचही टायरचा खर्च भावातून वजा करायचा.

## टप्पा ७: चालवून बघणं, घरच्यांसकट

सोसायटीभोवती एक चक्कर मारून "छान आहे" म्हणणं ही टेस्ट ड्राइव्ह नव्हे. किमान पाऊण तास आणि त्यात एक घाट. दक्षिण पुण्यात असाल तर जुना कात्रज घाट किंवा बोपदेव, हडपसरकडे असाल तर दिवे घाट. गाडीत पाच-सहा माणसं, एसी चालू. तुम्ही गाडी घेणार आहात ती याच वापरासाठी.

विमा चालू आहे ना, एवढं निघण्याआधी पुन्हा बघा.

सपाटीवर: चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम उसळला आणि वेग वाढला नाही तर क्लच घसरतोय. तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमपासून ओढा. दोन हजारांच्या आसपास टर्बोचा धक्का जाणवला पाहिजे. बारीक शिट्टी चालते, रुग्णवाहिकेसारखा चढता आवाज नाही. धक्काच आला नाही तर फाटलेला होज असू शकतो (स्वस्त), किंवा टर्बो (महाग).

चढावर: दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये एसीसकट चढली पाहिजे. तापमानाचा काटा मधे स्थिर हवा. वर पोचल्यावर पाच मिनिटं चालू ठेवून थांबा, बोनेट उघडा, कूलंटचा वास किंवा गळती बघा.

उतारावर: मागे कोणी नाही हे बघून मध्यम ब्रेक लावा. स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकल्यात. एका बाजूला ओढली तर अलाइनमेंटपासून कॅलिपरपर्यंत काहीही असू शकतं. ही परीक्षा नवले पुलाच्या उतारावर घेऊ नका, तिथे मागून येणारा ट्रक तुमच्या परीक्षेसाठी थांबत नाही.

खड्ड्यातून: याची सोय पालिकेने सगळीकडे केलेली आहे. काचा वर, गाणी बंद, वेग २०. पुढून 'टक् टक्' म्हणजे लिंक रॉड, बुश, स्वस्तातलं काम. 'धड्' म्हणजे शॉकॲब्सॉर्बर किंवा खालचा आर्म.

इंजिनाकडे लक्ष असताना घरच्यांना त्यांची कामं द्या. आजीने चढून-उतरून बघायचं. मुलांनी तिसऱ्या रांगेत वीस मिनिटं बसायचं, मळमळ होते का, मागचा एसी पोचतो का ते सांगायचं. प्रत्येक सीटचा बेल्ट लावून बघायचा. लहान मुलाची सीट असेल तर ती सोबत न्या आणि बसवून बघा, ती अडकवायचे आयसोफिक्सचे हुक आहेत की नाहीत ते तेव्हाच कळतं. आणि मागची रांग पाडून त्यात बाबागाडी, सिलिंडर, सायकल, जे काही तुमचं नेहमीचं सामान असेल ते जातं का बघा.

## टप्पा ८: तुमचा मेकॅनिक, त्याचा नव्हे

आतापर्यंत पास झालेली गाडी आता मेकॅनिकला दाखवा. विकणाऱ्याच्या ओळखीचं गॅरेज नको, "शेजारीच आहे" हे कारणही नको. मेकॅनिकला त्याच्या वेळेचे पैसे आधीच द्या. फुकटात बघणारा माणूस नंतरच्या कामाच्या आशेने बघतो.

त्याच्याकडून तीनच गोष्टी हव्यात: लिफ्टवर घेऊन खालून गळती आणि चॅसीची तपासणी, स्कॅनर लावून बिघाडाचे कोड, आणि येत्या वर्षातल्या कामांची खर्चासह यादी. स्कॅनरवर 'कोड नाहीत' एवढ्यावर खूश होऊ नका. आदल्या दिवशी कोड पुसलेले असू शकतात, म्हणून कोड शेवटचे कधी पुसले आणि गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्यात का, ते बघायला सांगा. इंजेक्टरच्या करेक्शनचे (प्रत्येकाचं डिझेल किती कमी-जास्त करावं लागतंय याचे) आकडे आणि डीपीएफमधली काजळी स्कॅनरवर दिसते. चारपैकी एकाच इंजेक्टरचा आकडा वेगळा पळत असेल तर पुढचा खर्च तोच आहे.

## टप्पा ९: भाव आणि पैसे

मेकॅनिकची यादी समोर ठेवून बोला. "थोडं कमी करा" यापेक्षा "टायर इतके, क्लच इतका, टायमिंग बेल्ट इतका" हे जास्त चालतं. यादीतला खर्च अर्धा-अर्धा वाटून घ्यायला बहुतेक मालक तयार होतात.

टोकन आता द्यायचं, आणि तेही लेखी. गाडीचा नंबर, ठरलेली किंमत, एचपी उतरवणं आणि चलानं भरणं कोणाकडे, किती दिवसांत, आणि कागदांत खोट निघाली तर टोकन परत. चार ओळी पुरतात. पैसे बँकेतून, आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात. "भावाच्या अकाउंटला टाका" म्हणाला तर थांबा. मूळ मालक वारले असतील तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने गाडी झाली पाहिजे, मग तुमच्या.

डीलरकडून घेत असाल तर आरटीओचं अधिकारपत्र मागा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना ते घ्यावं लागतं. नसेल तर निदान मूळ मालकाशी फोनवर बोलू द्या म्हणावं.

इशारा: कोरे, फक्त सह्या केलेले फॉर्म घेऊन गाडी 'ओपन ट्रान्सफर'वर ठेवू नका. अपघात झाला की मालक कोण, यावर सगळं अडतं.

## टप्पा १०: नावावर करणं

ताबा घेतानाची पावती तारीख आणि वेळेसकट करा. सकाळी ११.२० ला गाडी घेतली असेल तर ११.२० लिहा. त्याआधीचं चलान त्याचं, नंतरचं तुमचं.

फॉर्म २९ दोन प्रतींत आणि फॉर्म ३० भरा. सोबत आरसी, विमा, पीयूसी, दोघांचे पत्त्याचे पुरावे आणि पॅन. गाडी राज्यातलीच असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि तुम्ही ३० दिवसांत कळवायचं असतं. कर्ज काढलं असेल तर बोजा चढवायचा फॉर्म ३४ पण लागतो. एमएच १२ चं काम संगम पुलाजवळच्या आरटीओत, एमएच १४ चं पिंपरी-चिंचवडच्या कार्यालयात. अर्ज ऑनलाइन भरताना आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतात, म्हणून विकणाऱ्याला शेजारी बसवूनच अर्ज भरा. तो दुबईला गेल्यावर ओटीपी मागत बसण्यात अर्थ नाही.

१ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसलेली आहे का बघा. नसेल तर ट्रान्सफर अडतं, आणि ती बसवून घेणं विकणाऱ्याच्या गळ्यात घाला.

विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक कंपनी मागते, तो भरा. हे राहून जातं आणि मग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम कंपनी नाकारते.

## टप्पा ११: पहिल्या आठवड्यात

दोन्ही किल्ल्या घेतल्या का? जुना फास्टॅग मालकाला बंद करायला सांगा, तुमचा नवीन लावा. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि कूलंट, आधीचं कितीही ताजं सांगितलं असलं तरी, सगळं बदला आणि किलोमीटर लिहून ठेवा. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढताना समोर उभे राहा. पाणी बरंच निघालं तर महिन्याभराने पुन्हा काढा.

नवी आरसी आली की नावाचं स्पेलिंग, चॅसी नंबर आणि इंधन ओळीने वाचा, चूक लगेच कळवा. तोवर ताबा पावतीची प्रत गाडीतल्या कप्प्यात राहू द्या आणि ई-चलानच्या संकेतस्थळावर आठवड्यातून एकदा गाडीचा नंबर टाकून बघत जा.